'70 डॉलर परत' म्हणजे नक्की किती? अमेरिकेतल्या रिबेट कार्डांचा हिशोब

समजा, अमेरिकेत तुमच्या गाडीचे चारही टायर बदलायचे आहेत. दुकानात दोन कंपन्यांचे टायर आहेत. एका संचाची किंमत 640 डॉलर. दुसऱ्याची 700, पण त्यावर ठळक पाटी आहे: '70 डॉलर परत'. आपण मनातल्या मनात 700 मधून 70 वजा करतो, 630 उरतात, आणि दुसरे टायर घेतो. दहा डॉलर वाचले म्हणून समाधान वाटतं.

काउंटरवर मात्र ही वजाबाकी कुणी करत नाही. तिथे पूर्ण 700 डॉलर द्यावे लागतात, आणि बहुतेक राज्यांत विक्रीकरही पूर्ण 700 वर लागतो, कारण उत्पादक कंपनी नंतर, अर्ज केल्यावर, काय परत देणार (यालाच रिबेट म्हणतात) याच्याशी कराला देणंघेणं नसतं. कर 8 टक्के धरला तर पहिल्या टायरचे 691 डॉलर 20 सेंट होतात आणि दुसऱ्याचे 756. त्यातून 70 गेले की 686. म्हणजे फायदा दहा डॉलरचा नाही, पाच डॉलर वीस सेंटचा. तोही कधी? ते 70 डॉलर पूर्णपणे, शेवटच्या सेंटपर्यंत वापरता आले तर.

खरी अडचण त्या शेवटच्या अटीत आहे. कारण हे 70 डॉलर हल्ली रोख किंवा चेकनं क्वचितच मिळतात. बहुतेक वेळा व्हिसा किंवा मास्टरकार्डची खूण असलेलं प्रीपेड कार्ड, म्हणजे आधीच तेवढी रक्कम भरलेलं कार्ड, येतं. टायर, कॉन्टॅक्ट लेन्स, मोबाइल फोन, घरगुती उपकरणं, सगळीकडे हाच प्रकार. कार्ड हातात आल्यावर होणारा मनस्ताप आपल्या वेंधळेपणामुळे होतो असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ही व्यवस्थाच अशी बांधलेली आहे की प्रत्येक पायरीवर थोडे लोक गळतात, आणि गळलेल्यांचे पैसे कुणाच्या तरी खात्यात राहतात.

मुळात किंमतच का कमी करत नाहीत?

याचं उत्तर अगदी व्यावहारिक आहे. कंपनीनं टायरची किंमत 70 डॉलरनं कमी केली, तर ती प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कमी होते. शिवाय मधला दुकानदार ती सवलत पुढे देईलच याची खात्री नसते. रिबेट दिलं तर जाहिरात सगळ्यांना दिसते, त्या जाहिरातीमुळे माल घेणारे सगळेच असतात, पण पैसे फक्त अर्ज करणाऱ्यांना द्यावे लागतात. खरेदीच्या वेळी 'मी नक्की अर्ज करणार' असं ज्यांनी मनाशी म्हटलेलं असतं, त्यातल्या अनेकांचा अर्ज राहून जातो. आज मिळणारी सवलत डोळ्यांसमोर असते आणि पुढच्या आठवड्यातलं काम लांबचं वाटतं. हा माणसाचा स्वभाव कंपन्यांना चांगला ठाऊक असतो आणि रिबेटची रक्कम ठरवताना तो हिशोबात धरलेला असतो.

रिबेट देणाऱ्या कंपनीचा आणि तुमचा थेट संबंधही येत नाही. अर्ज तपासायचं आणि पैसे पाठवायचं काम दुसऱ्याच एका कंपनीला दिलेलं असतं. कार्ड काढणारी बँक तिसरी. विकणारं दुकान चौथं. काही बिनसलं की दुकान म्हणतं, 'उत्पादकाला विचारा', उत्पादक म्हणतो, 'रिबेट केंद्राला फोन करा', आणि रिबेट केंद्र म्हणतं, 'कार्डाबद्दलचे प्रश्न बँकेला'. चौघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं, तरी माणूस फोनवर दमून जातो आणि सत्तर डॉलरचा नाद सोडतो.

पूर्वी यात टपालाचा भाग मोठा होता. खोक्यावरचा बारकोड कात्रीनं कापायचा, मूळ पावती जोडायची, ठरलेल्या तारखेच्या आत टपालाचा शिक्का पडेल अशा बेतानं पाकीट पाठवायचं आणि सहा-आठ आठवडे चेकची वाट बघायची. तक्रारी इतक्या वाढल्या की 2005 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या संघीय आयोगानं कॉम्पयूएसए या संगणक विकणाऱ्या साखळीविरुद्ध कारवाई केली. क्यूपीएस नावाच्या कंपनीच्या मालावरचे रिबेटचे पैसे लोकांना वेळेवर मिळत नव्हते, काहींना मिळालेच नव्हते, आणि तरीही दुकानानं जाहिराती चालू ठेवल्या असा आयोगाचा आरोप होता. तडजोडीत ते पैसे दुकानानं भरून द्यायचं ठरलं. त्याच वर्षी बेस्ट बाय या दुकानांच्या साखळीनं टपाली रिबेट दोन वर्षांत बंद करण्याचं जाहीर केलं, आणि 2006 मध्ये ऑफिसमॅक्स या दुसऱ्या साखळीनंही ते सोडलं. रिबेट त्यामुळे संपलं नाही. अर्ज ऑनलाइन झाला आणि चेकच्या जागी कार्ड आलं.

चेक गेला, कार्ड आलं, कारण...

कार्डाच्या बाजूनं काही खरी कारणं आहेत आणि ती मान्य केली पाहिजेत. चेक छापणं, पाठवणं, हरवला तर थांबवून पुन्हा काढणं, यात खर्च असतो. ज्यांचं बँकेत खातं नाही त्यांना चेक वटवायला पैसे मोजावे लागतात. त्यांच्यासाठी कार्ड निदान कागदावर तरी सोयीचं.

बाकीची कारणं मात्र गिऱ्हाइकाच्या सोयीची नाहीत. चेक वटला की पैसे तुमच्या खात्यात येतात आणि तुमच्या इतर पैशांत मिसळून जातात. त्यावर कुणाचा ताबा राहत नाही. कार्डावरचे पैसे मात्र खर्च होईपर्यंत व्यवस्थेच्या आतच राहतात. त्यातले दोन-चार डॉलर उरले, कार्ड हरवलं, मुदत संपली, तर ती रक्कम करारात ठरल्याप्रमाणे रिबेट देणारी कंपनी, कार्डाची योजना चालवणारी कंपनी किंवा बँक यांच्यापैकी कुणाला तरी मिळते. या धंद्यात तिला 'ब्रेकेज' म्हणतात. एका कार्डावरचे तीन डॉलर म्हणजे काहीच नाही, पण थेंबे थेंबे तळे साचते, आणि ते तळं आपल्या दारात नसतं.

बेवारस रकमांचा कायदाही इथे महत्त्वाचा आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा असा कायदा असतो. न वटवलेला चेक ठरावीक वर्षांनंतर राज्याच्या ताब्यात द्यावा लागतो, आणि मूळ मालक किंवा त्याचे वारस तो नंतर मागू शकतात. जाहिरातीच्या योजनेत, गिऱ्हाइकानं थेट पैसे न मोजता दिलेल्या कार्डांना मात्र अनेक राज्यांच्या कायद्यांत सूट आहे. म्हणजे चेकचे पडून राहिलेले पैसे निदान राज्याच्या यादीत तुमच्या नावावर सापडण्याची शक्यता असते. कार्डाच्या बाबतीत ती वाटही बहुतेक ठिकाणी बंद.

शिवाय तुम्ही कार्ड वापरता तेव्हा दुकानदार बँकेला शुल्क देतो. मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवर या शुल्काला 1 ऑक्टोबर 2011 पासून मर्यादा आहे: एका व्यवहाराला 21 सेंट आणि रकमेच्या 0.05 टक्के, वर फसवणूक रोखण्यासाठी एक सेंट. 10 अब्ज डॉलरपेक्षा कमी मालमत्ता असलेल्या बँकांना ही मर्यादा लागू नाही. रिबेटच्या कार्डामागे अनेकदा तुम्ही कधी नावही न ऐकलेली छोटी बँक का असते, याचं एक कारण इथे सापडतं.

कार्ड नाकारलं जातं तेव्हा आत काय घडतं?

प्रीपेड कार्डावर पैसे असूनही ते नाकारलं जातं तेव्हा माणूस रांगेत उभा राहून ओशाळतो. मागच्या लोकांना वाटतं याच्याकडे पैसे नाहीत. म्हणून हा भाग मी सविस्तर सांगतो. आत काय होतं हे माहीत असेल तर निम्मी फजिती टळते.

कार्ड घासलं की दुकानाचं यंत्र बँकेला विचारतं: या कार्डावर इतके डॉलर आहेत का? बँक हो किंवा नाही म्हणते. साध्या खरेदीत 'इतके' म्हणजे बिलाची रक्कम. पण काही ठिकाणी बिल आधी माहीत नसतं. गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, पंप सुरू होण्याआधीच यंत्राला खात्री करून घ्यायची असते, म्हणून ते एक मोठी अंदाजी रक्कम अडवून ठेवायला सांगतं. व्हिसा आणि मास्टरकार्डनं 2022 मध्ये या रकमेची कमाल मर्यादा 125 वरून 175 डॉलर केली. तुमच्या कार्डावर 70 आहेत, तुम्हाला 40 चं इंधन हवंय, आणि यंत्र विचारतंय 100 किंवा 175 आहेत का. उत्तर 'नाही' येणारच. अशा वेळी पंपावर कार्ड न घालता आत जायचं आणि कॅशियरला सांगायचं, 'या कार्डावर बरोबर 40 डॉलर लावा.'

रेस्टॉरंटमध्ये टिप धरून विचारणा होऊ शकते. 60 डॉलरच्या बिलावर 20 टक्के टिप धरली तर 72 होतात, आणि 70 चं कार्ड तिथे पडतं. हॉटेलची खोली किंवा भाड्याची गाडी घेताना तर हे कार्ड काढूच नये. अनामत म्हणून अडवलेली रक्कम सुटायला दिवस जातात आणि तेवढ्यात मुदत संपण्याची भीती असते.

ऑनलाइन खरेदीत घोडं पत्त्यावर अडतं. संकेतस्थळ कार्ड क्रमांकासोबत तुमचा पत्ता आणि झिप कोड पाठवतं आणि बँक तो आपल्या नोंदीशी जुळवते. रिबेटच्या कार्डाला अनेकदा पत्ताच जोडलेला नसतो. मग व्यवहार फेटाळला जातो, आणि कारण म्हणून 'बँकेशी संपर्क साधा' एवढंच दिसतं. कार्डाच्या संकेतस्थळावर जाऊन आधी पत्ता नोंदवला की हा अडथळा बहुतेक वेळा दूर होतो. तशी नोंद करायला हवी हे कागदावर कुठेतरी लिहिलेलं असतं, पण अशा ठिकाणी की तिथे नजर जात नाही.

सगळ्यात चिवट प्रश्न शेवटच्या काही डॉलरचा. कार्डावर 6 डॉलर 38 सेंट उरले आहेत आणि वस्तू 15 डॉलरची आहे. दुकानात बिल दोन भागांत देता येतं, पण त्यासाठी शिल्लक सेंटपर्यंत माहीत हवी आणि आधी कॅशियरला सांगावं लागतं: 'या कार्डावर 6 डॉलर 38 सेंट घ्या, उरलेले दुसऱ्यावर.' न सांगता घासलं तर काही यंत्रं आहे तेवढी रक्कम घेतात, काही पूर्ण व्यवहार नाकारतात. ऑनलाइन बहुतेक संकेतस्थळं एका खरेदीला एकच कार्ड घेतात, म्हणजे तिथे हे सहा डॉलर जवळजवळ निरुपयोगी. एटीएममधून काढता येत नाहीत. दर महिन्याच्या वर्गणीला कार्ड लावता येत नाही. भारतात येऊन वापरू म्हटलं, तर अनेक कार्डांवर 'फक्त अमेरिकेत वैध' असं छापलेलं असतं.

टायरच्या हिशोबात आपला फायदा होता पाच डॉलर वीस सेंट. कार्डावर 6 डॉलर 38 सेंट पडून राहिले की स्वस्त म्हणून घेतलेले टायर महाग पडले.

दिसायला सारखी, कायद्यात वेगळी

दुकानात पैसे मोजून घेतलेलं व्हिसा गिफ्ट कार्ड आणि टपालानं आलेलं रिबेटचं व्हिसा कार्ड शेजारी ठेवा. फरक ओळखायला चष्मा लावावा लागेल. कायद्याच्या नजरेत मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मे 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी सही केलेल्या क्रेडिट कार्ड सुधारणा कायद्यात गिफ्ट कार्डांसाठी संरक्षण आलं. त्यावरचे पैसे किमान पाच वर्षं टिकले पाहिजेत. कार्ड न वापरल्याबद्दल शुल्क लावायचं तर आधी सलग 12 महिने ते वापरात नसलेलं हवं, आणि नंतरही महिन्याला एकापेक्षा जास्त शुल्क नाही. हे नियम ऑगस्ट 2010 मध्ये लागू झाले.

पण त्याच नियमांत निष्ठा, बक्षीस किंवा जाहिरातीच्या योजनेतल्या कार्डांना वगळलं आहे, आणि रिबेटचं कार्ड या गटात बसतं. अट एवढीच की ते अशा योजनेतलं कार्ड आहे हे त्यावर छापावं, मुदतीची तारीख दर्शनी बाजूला असावी, शुल्कांची माहिती द्यावी आणि माहितीसाठी मोफत फोन क्रमांक द्यावा. हे केलं की कार्ड सहा महिन्यांत संपलं तरी चालतं, आणि त्यासोबत पैसेही संपतात. एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या प्रीपेड खात्यांच्या संघीय नियमांतूनही अशी कार्डं बाहेर आहेत. म्हणजे कार्ड चोरीला गेलं किंवा चुकीची रक्कम कापली गेली, तर त्या नियमांचा आधार नाही. बँकेच्या अटीपत्रात जे असेल ते.

या सवलतीमागचा तर्क असा: हे पैसे तुम्ही मोजलेले नाहीत, कंपनीनं आपणहून दिले आहेत. दुकानात येणाऱ्या कुणालाही फुकट वाटलेल्या पाच डॉलरच्या कार्डाला हा तर्क लागू पडतो, हे मला मान्य. रिबेटला तो लावणं मला अन्यायाचं वाटतं. टायरचे 700 डॉलर तुम्ही मोजलेत, त्यावर करही भरलात. करविभागही याला तुमचं उत्पन्न मानत नाही, खरेदीच्या किमतीतली घट मानतो. जे पैसे माझ्याच किमतीचा भाग आहेत, ते सहा महिन्यांत नाहीसे का व्हावेत? नव्यानं आलेला विद्यार्थी, दोन नोकऱ्या करणारी आई, दर वर्षी घर बदलणारं कुटुंब, यांना 70 डॉलरची गरज सगळ्यांत जास्त असते. अर्ज भरायला उसंत नसणारे, आणि कार्ड जुन्या पत्त्यावर जाऊन मुकणारेही तेच.

कॅलिफोर्नियात एक चांगला नियम आहे: दुकानाच्या गिफ्ट कार्डावर ठरावीक छोट्या रकमेपेक्षा कमी शिल्लक उरली तर ती रोख मागता येते. अनेक जण त्या भरवशावर रिबेटचं कार्ड काउंटरवर ठेवतात. जाहिरातीच्या योजनेतल्या किंवा अनेक दुकानांत चालणाऱ्या कार्डांना तो नियम लागू नाही.

मग करायचं काय?

किमतींची तुलना करताना रिबेट शून्य धरा. 640 आणि 700 मध्ये निवड करायची तर 640 आणि 700 मध्येच करा. 700 चे टायर तुम्ही तसेही घेणार असाल तरच ते 70 डॉलर वरची कमाई समजा. आणि अर्जात चेक, बँक खातं किंवा कार्ड असा पर्याय असेल, तर कार्ड सोडून काहीही निवडा. तो पर्याय काही वेळा असतो, पण कार्डाची खूण आधीच केलेली असते.

अर्ज खरेदीच्या दिवशीच करा. पावती, बारकोड, भरलेला अर्ज आणि अटींचं पान यांचे फोटो काढून ठेवा. अटींचं पान विसरू नका. योजना संपली की ते संकेतस्थळावरून निघून जातं आणि नंतर तक्रार करायला आधारच उरत नाही. रोज उघडता तोच ईमेल द्या, कारण हल्ली अनेक कार्डं ईमेलमधल्या दुव्यानं येतात, तो ईमेल स्पॅममध्ये जातो, आणि दुव्यालाही मुदत असते. टपालानं येणारं कार्डसुद्धा साध्या पाकिटात, अनोळखी नावानं येतं. जाहिरातीची रद्दी समजून ते फेकलं जातं. पैसे कधी येणार हे अर्जात लिहिलेलं असतं. त्या तारखेपुढे दोन आठवडे धरून फोनमध्ये आठवण लावा.

अनोळखी नावानं येणाऱ्या या पत्रांचा फायदा फसवणारेही घेतात. 'तुमचं रिबेट मंजूर झालं, आधी थोडं शुल्क भरा' असा निरोप आला तर तो खोटा समजा. रिबेट मिळवायला पैसे भरावे लागत नाहीत.

कार्ड आलं की ते पाकिटात जपून ठेवू नका. त्याच दिवशी त्याचं रूपांतर करा. विजेचं किंवा फोनचं बिल बहुधा हव्या त्या रकमेत भरता येतं. 70 डॉलरचं कार्ड असेल तर बरोबर 70 भरा, कार्ड शून्यावर येतं आणि तुमच्या खात्यातले 70 वाचतात. कार्डानं भरल्याबद्दल वीज कंपनी जादा शुल्क घेत नाही ना, एवढं आधी बघा. दुसरी वाट म्हणजे ॲमेझॉनसारख्या नेहमीच्या दुकानातल्या स्वतःच्या खात्यात गिफ्ट बॅलन्स म्हणून सेंटपर्यंत नेमकी रक्कम भरणं. त्या बॅलन्सला मुदत नसते आणि पुढच्या कुठल्याही खरेदीत दुसऱ्या कार्डासोबत तो वापरता येतो. उरलेल्या 6 डॉलर 38 सेंटचाही प्रश्न असाच सुटतो. कार्डानं एखादी वस्तू घेतली असेल, तर ती परत करण्याची मुदत टळेपर्यंत रिकामं कार्डही फेकू नका. परतावा त्याच कार्डावर येऊ शकतो.

पैसे आलेच नाहीत तर? फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत रिबेट पाठवणं बंधनकारक आहे. मुदत सांगितली नसेल तर वाजवी काळात, आणि वाजवी म्हणजे साधारण 30 दिवस. आधी रिबेट केंद्राला लेखी विचारा, उत्तराची प्रत ठेवा. मग तुमच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) ग्राहक विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवा. कार्ड मिळालं पण बँक दाद देत नसेल, तर ती तक्रार कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्यूरो या बँक-ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या संघीय संस्थेकडे जाते. तिन्ही ठिकाणी तक्रार ऑनलाइन आणि मोफत करता येते. कार्डाची मुदत टळून गेली असली तरी मागच्या बाजूच्या क्रमांकावर फोन करून नवीन कार्ड मागा. देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं, पण मुदत नुकतीच टळली असेल तर विचारून बघायला हरकत नाही, आणि 'नाही' म्हणाले तर ते लेखी मागा.

कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या दोन राज्यांनी याहून सोपा मार्ग काढला आहे. तिथे दुकानानं रिबेट वजा केलेली किंमत जाहिरातीत लावली, तर ती वजाबाकी खरेदीच्या वेळी काउंटरवरच करून द्यावी लागते. उरलेल्या राज्यांत हा नियम यावा यासाठी आपल्या राज्याच्या प्रतिनिधीला एक पत्र लिहायला रिबेटच्या अर्जापेक्षा कमी वेळ लागतो.